भाच्याची सीटिंग डाय

चवथीच्या आठवडाभर आधीची गोष्ट. सकाळी साडेसहाला फोन वाजला, म्हणजे ओहायोचाच. तिथे तेव्हा आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि जेवणखाण आटोपून भाचा तळघरातल्या आपल्या टेबलाशी बसलेला असतो. माझी ही बहीण सावंतवाडीला दिलेली, त्यामुळे पोरगा माझ्याशी पहिल्यापासून मराठीतच बोलतो. म्हणाला, "मामा, सीटिंग डाय घ्यायची आहे. चार पाहून ठेवल्यात, पण ठरत नाहीये. तुझा जन्म डाया बनवण्यात गेला. तूच सांग कुठली घेऊ."

जन्म गेला हे खरं. गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत ३१ वर्षं मी टूलरूममध्ये काढली. प्रेस टूल, जिग, फिक्स्चर, औषधांच्या गोळ्यांचे पंच आणि डाया, सगळं हातून गेलं. भाच्याची गोळी वेगळी. तो हौसेने रायफल चालवतो, शंभर आणि दोनशे यार्डांवरून कागदी टार्गेटवर, आणि त्यासाठी लागणारी काडतुसं घरीच भरतो. ही सीटिंग डाय त्याच कामातली. तिकडे ते चालतं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, तेव्हा इथल्या कुणी हे वाचून घरी काही करायला जाऊ नये, एवढं आधीच सांगून ठेवतो.

काडतूस मला तसं अनोळखी नाही. वडिलांकडे शेती राखायला घेतलेली एकनळी बारा बोअर होती. काजूच्या बागेत रानडुकरं शिरायची. निवडणूक लागली की बंदूक फोंड्याच्या पोलीस ठाण्यात जमा करायची आणि सगळं आटोपल्यावर परत आणायची, हे काम माझ्याकडे असे. तेव्हाची ती कागदी काडतुसं पावसाळ्यात दमट हवेने फुगायची आणि नळीत जायलाच तयार नसायची, म्हणून आई ती पत्र्याच्या डब्यात घालून तांदळाच्या पिंपात पुरून ठेवायची. पण ती छर्ऱ्यांची काडतुसं. छर्रे पसरतातच. रायफलच्या काडतुसात एकच गोळी असते आणि ती नळीच्या मध्यरेषेवरून सुटायला हवी. सगळा खेळ त्या मध्यरेषेचा आहे.

या काडतुसाचे चार भाग. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. एकदा उडवलेली पुंगळी फुगते, म्हणून तिला आधी सायझिंग डायमध्ये दाबून मापावर आणतात. मग नवा प्रायमर, तोलून दारू, आणि सरतेशेवटी पुंगळीच्या मानेत गोळी दाबून बसवतात. ही शेवटची दाबणी जी करते ती सीटिंग डाय. भाच्याची रायफल ६.५ क्रीडमूर, हॉर्नडीने २००७ साली आणलेलं काडतूस. नावात ६.५ असलं तरी गोळीचा व्यास ०.२६४ इंच, म्हणजे ६.७१ मिलिमीटर. मान आतून त्याहून दोनेक थाऊ लहान ठेवतात, त्यामुळे ती गोळीला घट्ट धरते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन. आम्हा टूलरूमवाल्यांना एवढं ऐकलं की पुरे: हा इंटरफिअरन्स फिट आहे, आणि तोही पातळ पितळेत.

इंटरफिअरन्स फिट म्हटलं की मला ती ४०० हाउसिंग आठवतात.

कुंडईच्या आधी मी दुसऱ्या एका कारखान्यात होतो, कामाला लागून जेमतेम सहा वर्षं झाली होती. पंपाच्या ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये गनमेटलचा बुश, म्हणजे शाफ्ट जिच्यात फिरते ती आखूड नळी, दाबून बसवायचा होता. हँड प्रेस, खाली फिक्स्चर, वर सपाट तोंडाचा पंच. ड्रॉइंग माझंच. बुशला चॅम्फर, म्हणजे काठाला तिरका उतार होता, तो ज्यात जायचा त्या भोकाला, बोअरलाही होता, मला वाटलं तेवढ्याने बुश आपसूक सरळ होईल. ऑपरेटर बुश बोअरच्या तोंडावर ठेवायचा, बोट काढून घ्यायचा आणि लिव्हर ओढायचा. बाहेरून माल देखणा दिसत होता. शाफ्ट घातली की मात्र काहींत ती जड फिरायची. शंभराच्या आसपास हाउसिंग परत आली. आमचे फोरमन मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी त्यातलं एक हाउसिंग हॅकसॉने उभं कापलं आणि दोन्ही फाकी माझ्या टेबलावर आणून ठेवल्या.

त्या फाकी मी कितीतरी वेळ बघत होतो. बोअरच्या एका बाजूला, अगदी तोंडाशी, नखाएवढा चकचकीत ओरखडा होता. समोरच्या बाजूला काही नाही. म्हणजे बुश तोंडाशीच किंचित कलला, एका बाजूने ॲल्युमिनियम खरवडत आत शिरला, आणि एकदा त्याने ती वाट पाडली की वरून पंच कितीही सरळ येवो, बुश त्याच वाकड्या वाटेने खाली गेला. पहिल्या अर्ध्या मिलिमीटरात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. नंतर दाब वाढवून उपयोग नाही, पंच पॉलिश करून उपयोग नाही.

उपाय फोरमननीच सांगितला. पंचाभोवती एक स्प्रिंगवरची स्लीव्ह घातली. लिव्हर ओढली की आधी स्लीव्ह खाली येऊन बुशला आणि हाउसिंगच्या कॉलरला एकत्र कवेत घ्यायची, दोघांची मध्यरेषा एक करायची, आणि त्यानंतरच पंच बुशला टेकायचा. त्या दिवसानंतर त्या कामात एकही नग परत आला नाही.

म्हणून भाच्याने चार डायांचे फोटो आणि आतले काप पाठवले तेव्हा मी कंपनीचं नाव नंतर पाहिलं. आधी एकच शोधलं: गोळीवर दाब पडायच्या क्षणी पुंगळी आणि गोळी कोणी धरलेली आहे?

साध्या सीटिंग डायमध्ये कुणीच धरलेली नसते, निदान मला हवी तशी नाही. सात अष्टमांश इंच, इंचाला चौदा आट्यांचं बाहेरचं थ्रेड, ते जवळजवळ सगळ्या प्रेसना चालतं. आत बोअर, वर स्क्रूचा स्टेम. गोळी पुंगळीच्या तोंडावर बोटांनी उभी धरायची, पुंगळी धरलेला प्रेसचा रॅम वर न्यायचा, गोळी डायच्या आत दिसेनाशी झाली की बोटं सोडायची. तिथून स्टेमला टेकेपर्यंत गोळी मानेवर नुसती तोललेली असते, आणि डायच्या अंगात पुंगळीभोवती मोकळी जागा असते. आमच्या ऑपरेटरने बुश ठेवून बोट काढलं, त्यातलाच हा प्रकार. तरी या डायला मी वाईट म्हणणार नाही. बोअर चांगला असेल, मानेला आतून नीट चॅम्फर मारलेला असेल आणि गोळी बोट-टेल, म्हणजे बुडाशी निमुळती असेल तर ती बऱ्यापैकी सरळ जाते. शिवाय या डायमध्ये बहुधा क्रिंपचा खांदा असतो. डाय फार खाली फिरवली तर तो नको असताना पुंगळीचं तोंड आत वळवून टाकतो. भाच्याच्या जुन्या डायमध्ये सुरुवातीला हेच होत होतं आणि त्याला वाटत होतं की पितळ खराब आलंय.

दुसरी जात स्लीव्हची. फॉर्स्टरची बेंचरेस्ट आणि रेडिंगची कॉम्पिटिशन या दोन्ही त्यातल्या. त्यांचा काप पाहिला आणि माझी ती प्रेसवरची स्लीव्हच समोर आली. आत स्प्रिंगवर सरकणारी स्लीव्ह, रायफलच्या चेंबरसारखी, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेसारखी कापलेली. पुंगळी वर येते ती आधी स्लीव्हमध्ये खांद्यापर्यंत बसते, गोळी स्लीव्हच्या बोअरमध्ये अंगाबरोबर सापडते, मग सगळं मिळून वर सरकतं आणि तेव्हा कुठे स्टेम गोळीला टेकतो. मध्यरेषा ठरल्यावर दाब. हे ज्याने पहिल्यांदा काढलं त्याच्या टेबलावरही कुणीतरी कापलेली फाक ठेवली असणार, असं मला मनापासून वाटतं.

तिसरी विल्सनची. हिला बाहेरून आटेच नाहीत. पुंगळी सबंध डायच्या पोटात जाते, खालून बुडाला आधार, वरून स्टेम, आणि छोट्या आर्बर प्रेसवर तळहाताने दाबायचं. रॅम वाकडा आहे का, पुंगळीचं बूड धरणारा शेलहोल्डर सैल आहे का, हे प्रश्नच उरत नाहीत. मला यातली सर्वांत आवडलेली बाब वेगळी. आर्बर प्रेसच्या दांड्यावर हाताला दाब कळतो. दहा गोळ्या बसवताना एखादी लोण्यात सुरी गेल्यासारखी गेली किंवा एखादी अडली, तर ती मान वेगळी आहे हे हात सांगतो. मोठ्या प्रेसच्या लांब लिव्हरवर ही जाण बुजते. काम मात्र सावकाश होतं. भाच्याने ती यादीतून काढली, कारण तो एका बैठकीत शंभर काडतुसं भरतो. मी असतो तर तीच घेतली असती.

चौथी जरा महागातली, वर मायक्रोमीटरचं डोकं. भाच्याचा जीव त्या डोक्यावर जडला होता. एक रेघ म्हणजे एक थाऊ, फोटोत ती बारीक खोदलेली रेघ बघून कुणालाही मोह होईल. त्याला मी तेव्हाच सांगितलं आणि आजही तेच म्हणेन: मायक्रोमीटरने गोळी सरळ जात नाही. गोळी किती खोल बसते, एवढंच त्याचं काम आहे. तीन प्रकारच्या गोळ्या आलटून पालटून बसवत असशील तर सेटिंग लिहून ठेवता येतं आणि पुन्हा तिथेच येता येतं, त्याचा उपयोग आहे. एकच गोळी वर्षभर बसवायची असेल तर साधा स्टेम एकदा लावून लॉकनट आवळला की झालं. जिच्यात स्लीव्ह आहे आणि डोकं साधं आहे अशी डाय, नुसतं डोकं मायक्रोमीटरचं आहे अशा डायपेक्षा मी केव्हाही आधी उचलेन.

त्यावर तो म्हणाला, "मग स्लीव्हवाली मागवतो." मी म्हटलं, थांब. आधी मोज.

नवी डाय घेऊन जुनं दुखणं बरं होत नाही, हे मी टूलरूममध्ये इतक्या वेळा पाहिलंय. त्याच्याकडे डायल गेज होतं, पण पुंगळी ठेवून फिरवायला खाचेचा ठोकळा, व्ही-ब्लॉक, नव्हता. मी कागदावर ड्रॉइंग काढलं, दोन व्ही, एक बुडाशी, एक खांद्याच्या अलीकडे, मागे स्टॉपर, आणि फोटो काढून पाठवलं. त्याच्या ओळखीच्या एकाच्या गॅरेजमध्ये छोटं मिलिंग मशीन होतं, रविवारी तिथे बनवून घेतलं. मग त्याला सांगितलं, दहा पुंगळ्या घे आणि प्रत्येक पायरीनंतर पुंगळी व्हीमध्ये फिरवत मानेवर डायल लाव, काटा हलेल तेवढा वाकडेपणा. शेवटी गोळी बसल्यावर गोळीच्या अंगावर लाव, टोकाच्या जरा खाली.

आकडे आले. उडवलेल्या पुंगळ्यांची मान एक थाऊच्या आत फिरत होती. चेंबरमधून निघालेली पुंगळी सरळच असते. सायझिंग झाल्यावर त्याच माना चार थाऊ फिरायला लागल्या. आणि जुन्या साध्या डायने गोळी बसवल्यावर पाच. म्हणजे वाकड्या बसणाऱ्या गोळ्यांसाठी ज्या सीटिंग डायला तो चार महिने दोष देत होता तिने घातलेला वाकडेपणा फक्त एका थाऊचा. बाकी सगळा आधीच झालेला होता.

करणारा होता सायझिंग डायमधला एक्स्पांडर. डाय मान आवळते आणि पुंगळी खाली येताना मानेतून एक मण्यासारखा गोळा ओढला जातो, तो मान आतून मापात उघडतो. मान आतून कोरडी असेल तर तो गोळा पितळेला धरून ओढतो, आणि मान एका बाजूला कलते. ओढताना कीं असा आवाज यायचा का, विचारलं. "रोज यायचा," म्हणाला, "मला वाटलं तो आवाज असतोच." तो आवाज नसावा. त्याने एक्स्पांडरचा गोळा काढून टाकला आणि मान उघडायला वेगळी मॅन्ड्रेल, म्हणजे मापाची गुळगुळीत दांडी घेतली, वरून खाली दाबून आत जाणारी. ती सीटिंग डायपेक्षा पुष्कळ स्वस्त पडली. पुढच्या दहा पुंगळ्या: सायझिंगनंतर दीड थाऊ. जुन्याच डायने गोळी बसवली, तीन. मग त्याच्या रेंजवरच्या एकाकडून स्लीव्हवाली डाय दोन दिवस मागून आणली. तिने दोन. आता मात्र मी म्हटलं, घे. आता त्या एका थाऊचे पैसे देण्यात अर्थ आहे. त्याने फॉर्स्टर घेतली. रेडिंगची घेतली असती तरी मी काही म्हणालो नसतो.

खोली मोजायची कशी यावर मात्र आमचा जरा वाद झाला. तो काडतुसाची पूर्ण लांबी मोजत होता, बुडापासून टोकापर्यंत, आणि दर नगाला पाच-सात थाऊंचा फरक पाहून डायवर चिडत होता. मॅच बुलेटचं टोक पोकळ आणि कातरलेलं असतं, ते एकाच डब्यातल्या दोन गोळ्यांतही सारखं नसतं. स्टेम टोकाला धरतच नाही, तो गोळीच्या वळणावर कुठेतरी खाली टेकतो. टेपर मोजताना आपण टोकाकडून मोजतो का? रिंग घालतो, ठरलेल्या व्यासाशी ती कुठे अडते ते पाहतो. इथेही तशीच रिंग मिळते, कंपॅरेटर, व्हर्निअरच्या जबड्याला लावायची. तिने मोजल्यावर फरक एक-दीड थाऊवर आला.

खोली बदलण्याबद्दल मी त्याला कडक शब्दांत बजावलं. गोळी पुढे काढून नळीच्या चऱ्यांना टेकवली तर दाब वाढतो, फार आत दाबली तर आतली जागा कमी होऊन तोही वाढू शकतो. गोळी आणि दारू बनवणाऱ्यांनी छापलेल्या मापाबाहेर जायचं नाही, आणि दारूचं वजन वरच्या टोकाला असताना खोलीशी खेळायचं नाही. तो ऐकतो. त्याची आई माझ्याहून कडक आहे.

नवी डाय लागली आणि आठवड्याने फोटो आला. गोळीच्या तांब्याच्या अंगावर, टोकाच्या खाली, गोल वळ उठलेला. नखाला लागेल इतका. मी आधी विचारलं, टोक स्टेमच्या तळाला टेकतंय का? लांब, निमुळत्या गोळीचं तसं होतं, आणि मग खोली त्या वेड्यावाकड्या टोकावर ठरते. टोकाला मार्करची शाई लावून गोळी स्टेममध्ये दाबायला सांगितली, आमच्याकडे मार्किंग ब्लू लावून बघतो तसं. शाई जशीच्या तशी. म्हणजे तळ मोकळा होता, नुसती स्टेमच्या तोंडाची धार चावत होती. स्टेम डायमधून काढ, म्हटलं, गोळीच्या वळणाला बारीक लॅपिंग पेस्ट लाव, गोळी बुडाकडून ड्रिलच्या चकमध्ये धर आणि अगदी सावकाश, हलक्या हाताने स्टेममध्ये फिरव. मोजून दहा सेकंद, मग पुसून बघ. घाई करायची नाही, काढलेलं लोखंड परत येत नाही. झाल्यावर स्टेम रॉकेलमध्ये धू, पेस्टचा कण राहता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाच्या फोनऐवजी फोटोच आला. स्टेमच्या तोंडात आता केसाएवढ्या धारेऐवजी मिलिमीटरभर रुंद, एकसारखा राखाडी पट्टा होता, आणि गोळीवर वळ नव्हता.

परवा त्याने दहा काडतुसं भरली. नऊ कंपॅरेटरवर एका थाऊच्या आत, दहावं तीन थाऊ लांब, आणि बसवताना लिव्हर अडल्यासारखी वाटली, असं त्याने स्वतःहून सांगितलं. ते त्याने बाजूला ठेवलं आणि पुलरने गोळी काढून पाहिली. मानेच्या आतल्या काठावर ट्रिमिंगची बर, म्हणजे कापताना उठलेली धार, तशीच होती, चॅम्फर टूल फिरवायची राहून गेलेली ती एकच पुंगळी. काढलेल्या गोळीचा फोटो त्याने मला पाठवला, खिडकीच्या उजेडात, जवळून. बुडापासून वर, एकाच बाजूला, चकचकीत ओरखडा.